तीन ठिकाणी नंबर लागलाय, आता कुठं घालू?

"मॅडम, तीन ठिकाणी नंबर लागलाय, कुठं घालू तेवढं सांगा." मी समुपदेशक आहे, आणि मार्च उजाडला की मुलांना निवासी शाळेत घालू पाहणाऱ्या पालकांचे असे फोन मला सुरू होतात आणि जून संपेपर्यंत थांबत नाहीत. कुणाला नवोदय आणि सैनिक स्कूल दोन्ही लागलेलं असतं, कुणाला पाचगणीच्या दोन शाळांतून होकार आलेला असतो, आणि एखादी शाळा म्हणत असते शुक्रवारपर्यंत पैसे भरा नाहीतर सीट जाईल. लोकांना वाटतं की नंबर लागणं अवघड असतं, पण नंबर एकापेक्षा जास्त ठिकाणी लागला की घरात जी झोप उडते ती मी इतक्या वर्षांत इतक्यांदा बघितली आहे, की या वेळी म्हटलं सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहावं.

शाळेचं नाव मी सांगत नाही हे आधीच सांगते. काही जण त्यावर नाराज होतात, फी देऊन आलोय आणि या नुसते प्रश्नच विचारतात असं त्यांना वाटतं. चालतं मला ते.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं केलंय, गाभा तसाच आहे. सांगली जिल्ह्यातलं द्राक्षबागायतदार कुटुंब, थोरली मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून पाचवी झालेली, धाकटा मुलगा तिसरीत. पोरगी इतकी हुशार की पलूसच्या नवोदयला नंबर, साताऱ्याच्या सैनिक स्कूलला नंबर, मेडिकलपण झालेलं, आणि पाचगणीच्या एका खाजगी शाळेकडूनही होकार. वडिलांचं मन साताऱ्यावर होतं. मे अखेरीला खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतून, मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, पास आऊट झाली त्याचे फोटो त्यांनी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवले होते आणि बोलता बोलता मला दोनदा दाखवले. आईचं म्हणणं पलूस, कारण एसटीनं जाऊन तासाभरात लेकीला बघून येता येतं आणि खर्च काही नाही. पाचगणी हा मामांचा आग्रह, इंग्लिश सुधारेल म्हणून. आणि मुलगी? "मला कुठलीपण चालेल." दोन महिने हे एकच वाक्य.

वडिलांनी वहीत रकाने आखून आणले होते, फी, रिझल्ट, मैदान, जेवण, अंतर. माहिती चांगली काढली होती, तरी अशा वह्यांमध्ये ज्या गोष्टी नेहमी राहून जातात त्या इथंही राहिल्या होत्या. नवोदयला राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं फुकट, हे त्यांना माहीत होतं, पण नववीत साधारण ३० टक्के मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात हे माहीत नव्हतं. म्हणजे "जवळ आहे" हे कारण नववीत एका वर्षासाठी गळून पडू शकतं. मी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा पडला. तसंच नवोदयला सुरुवातीची वर्षं आपल्या भाषेतून शिकवतात आणि गणित-विज्ञान इंग्लिशमध्ये जातं ते आठवीच्या आसपास, झेडपीतून आलेल्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. सैनिक स्कूलला पहिल्या दिवसापासून इंग्लिश. वडिलांना वाटत होतं साताऱ्याला गेली म्हणजे ऑफिसर झालीच. ती शाळा १९६१ ची, देशातलं पहिलं सैनिक स्कूल, एनडीएसाठी मुलं घडवायची हाच तिचा हेतू, आणि २०२१-२२ पासून सगळ्याच सैनिक स्कूलांमध्ये मुलींना प्रवेश आहे, हे सगळं खरंय. पण बारावीला यूपीएससीची लेखी परीक्षा आणि मग एसएसबी, म्हणजे सैन्याची निवड-मुलाखत, हे तिथल्या मुलांनाही द्यावंच लागतं, त्यातून सूट नाही. फी लाखाच्या पुढं जाते, उत्पन्न बघून स्कॉलरशिप मिळते, तिचे कागद आधी तयार ठेवावे लागतात.

आणि सैनिक स्कूलला नववीतसुद्धा प्रवेश परीक्षा असते. आत्ता नाही म्हटलं तर दार कायमचं बंद झालं असं नाही. जागा थोड्या असतात, पण दार असतं. हे ऐकलं की निम्म्या पालकांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं, कारण त्यांना वाटत असतं दहा वर्षांच्या पोरीचं सगळं आयुष्य या शुक्रवारी ठरणार आहे.

पहिली भेट या सगळ्यातच गेली. दुसऱ्या भेटीला मी मुलीला एकटीला घेतलं. "कुठली आवडली?" हे मी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर मुलं समोरच्याचा चेहरा बघून देतात. मी तिला तीन कागद दिले आणि म्हटलं, प्रत्येक शाळेतला तुझा एक दिवस लिही, उठल्यापासून झोपेपर्यंत. तिन्ही जागा ती बघून आली होती, मोबाईलवर व्हिडिओ तर पाठ झाले होते. छान लिहिलं तिनं. पीटी, नाष्टा, तास, खेळ, प्रेप म्हणजे ठरलेल्या वेळेचा अभ्यास, सगळं वेळेसकट. पण तिन्ही कागदांवर साडेआठ ते नऊ कोरं होतं.

"इथं काय असतं गं?"

"काय नाय."

"मग लिही की काहीतरी. टीव्ही बघायचा, गप्पा मारायच्या."

बराच वेळ ती पेनाचं टोपण उघडत-मिटत बसली. मग म्हणाली, "तेव्हा मी आज्जीच्या डोळ्यात थेंब घालते."

आज्जीला काचबिंदू. रोज रात्री थेंब चुकवायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं. आज्जीचा हात थरथरतो, स्वतःचे स्वतःला घालता येत नाहीत. आई त्या वेळी गोठ्यात नाहीतर स्वयंपाकघरात, वडील बागेतून उशिरा येणार, तर हे काम दीड वर्षापासून हिच्याकडं. कसं घालते ते तिनं मला करून दाखवलं, खालची पापणी ओढायची, एकच थेंब, मग आज्जीनं डोळा मिटायचा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, तोपर्यंत हिनं शंभर आकडे मोजायचे. "पप्पा मोजत नाहीत," ती म्हणाली. "एकदा मी आत्याकडं गेलेले तर त्यांनी घातले आणि तसंच उठवलं आज्जीला."

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बोलता आलं नाही.

इतके दिवस घरातली पाच-सहा मोठी माणसं एकच विचार करत होती की हिचं तिथं कसं होईल. आणि ही दहा वर्षांची पोर विचार करत होती की माझ्यामागं इथं कसं होईल. तिच्यासाठी तिन्ही शाळा सारख्याच होत्या कारण तिन्हीमधून रात्री साडेआठला घरी येता येत नव्हतं. तिचं "कुठलीपण चालेल" ऐकून आईला वाटायचं पोरगी समजूतदार आहे, मामांना वाटायचं तिला इंटरेस्ट नाही. दोन्ही खरं नव्हतं. ती अडकली होती, आणि ज्या गोष्टीत अडकली होती ती वडिलांच्या वहीतल्या एकाही रकान्यात नव्हती.

मी स्वतः नात्यांचा धागा पकडून काम करणारी आहे. जॉन बोल्बी हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ, आई-मुलाच्या बंधावर आयुष्यभर काम केलेला माणूस, त्यांना स्वतःला लहानपणीच बोर्डिंगला पाठवलं होतं हे वाचल्यापासून मला त्यांचं म्हणणं जास्तच जवळचं वाटत आलंय. त्यांचा विचार साध्या भाषेत असा, की मागं भक्कम कुणीतरी आहे याची खात्री असली की मूल लांब जायला घाबरत नाही. या मुलीनं मला त्यात एक भर घालून दिली. मुलाला घराचा आधार लागतो हे आपण धरून चालतो, पण मूलही घराला धरून असतं. कुणी आज्जीचे थेंब धरून असतं, कुणी आईबाबांच्या भांडणात मध्ये बसून असतं, कुणी धाकट्याला झोपवत असतं. ते हातातलं कुणीतरी मानानं काढून घेतल्याशिवाय त्याचे हात पुढचं काही धरायला मोकळे होत नाहीत. त्यानंतर होस्टेलला निघालेल्या प्रत्येक मुलाला मी हे विचारते, तू गेल्यावर घरातलं कुठलं काम अडेल? आणि दरवेळी काहीतरी निघतंच.

मुलीची परवानगी घेऊन आईवडिलांना आत बोलावलं. ऐकल्या ऐकल्या वडील म्हणाले, "हात्तिच्या! ते होईल की, त्यात काय एवढं!" मुलगी खाली बघायला लागली. मी त्यांना म्हटलं, "दादा, 'त्यात काय' म्हणू नका. दीड वर्ष एक दिवस न चुकता केलंय तिनं. तुमची छाटणी कोण दुसऱ्यानं येऊन 'त्यात काय' म्हणून केली तर चालेल का?" बागायतदार माणूस, लगेच कळलं. थोडा वेळ गप्प बसले आणि मग लेकीकडं वळून म्हणाले, "मला शिकवशील का, शंभर मोजायचं?"

त्या घरात त्या आठवड्यात जे झालं त्याचं श्रेय माझं नाही, पण मला त्याचा फार आनंद आहे. थोरलीनं धाकट्याला शिकवलं. कॅलेंडर भिंतीवरून खाली लावलं, त्याचा हात पोचेल असं. तो शंभर मोजणार आणि खूण करणार, थेंब वडील घालणार. आज्जीनं तीन दिवस परीक्षा घेतली आणि पास केलं.

तिसऱ्या भेटीला पोरगी आली ती प्रश्नांची यादी घेऊन. रात्री झोपायच्या खोलीत मोठं कोण असतं? ताप आला तर घरी कधी कळवतात? फोन कुठल्या दिवशी? आधी एकही प्रश्न नसलेली मुलगी! तिनं हे प्रश्न वडिलांच्या मोबाईलवरून तिन्ही शाळांना विचारले होते आणि उत्तरं लिहून आणली होती. यातलं काही तुम्हाला विचारायचं असेल तर जरूर विचारा, आणि त्यात दोन माझे घाला. मध्येच काढलं तर पैशाचं काय, हे लेखी घ्या. आणि शाळा दाखवायला जो पुढं केलेला हुशार विद्यार्थी असतो त्याच्याशी नाही, सातवी-आठवीच्या साध्या पोराशी पाच मिनिटं बोला, पहिल्या महिन्यात कोण कोण रडलं आणि तेव्हा कुणी काय केलं एवढंच विचारा. मेसमधलं जेवण आणि बाथरूम साध्या वारी, न सांगता जमलं तर, बघा. रिझल्टचे बोर्ड सगळीकडं सारखेच असतात हो.

"मग?" मी विचारलं.

"सातारा."

आईचे डोळे भरले. मला स्वतःला पलूस येईल असं वाटत होतं, तिच्यासारखी घराला इतकी धरून असलेली मुलगी जवळचीच शाळा घेईल असं मी मनात धरलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, साताऱ्यात शिरलं की किल्ला दिसतो, आणि तिथलं ग्राउंड मोठं आहे, आणि तिथं मुली थोड्या आहेत म्हणून मला जायचंय. हे तिसरं कारण तिनं वडिलांकडून घेतलं नव्हतं, मी खोदून विचारून खात्री केली. पाचगणीच्या शाळेला वडिलांनी त्याच दिवशी नम्रपणे नाही कळवलं, मामा चार दिवस बोलत नव्हते.

जाण्याआधी मी आईवडिलांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. एक, घरात कधी धाकट्याला "अभ्यास नाही केलास तर तुलापण होस्टेलला टाकीन" म्हणायचं नाही. हे वाक्य आपल्याकडं इतकं सर्रास आहे की म्हणणाऱ्याला आपण काय बोललो ते कळतच नाही, पण ज्याची बहीण होस्टेलला आहे त्या पोराला बहिणीनं काय गुन्हा केला असा प्रश्न पडतो. आणि दुसरी, लेक फोनवर रडली तर "एवढे पैसे भरलेत" हे तोंडातून येऊ द्यायचं नाही. एकदा ते ऐकलं की मूल पुढच्या फोनला "सगळं मस्त" सांगतं, आणि मग खरं काही झालं तरी "सगळं मस्त"च सांगतं. रडू द्यायचं, ऐकायचं, आणि दिवाळीला यायची तारीख सांगायची. दिवाळीला बसून ठरवू असंही म्हणायचं, आणि म्हटलं की खरंच बसायचं.

पहिले दोन रविवार ती रडली. आईनं मला दोन्ही वेळा फोन केला, दुसऱ्यांदा तर गाडी काढायच्या तयारीतच होत्या. म्हटलं, थांबा. थेंबांचं विचारलं का? "हो, पहिलं तेच. कॅलेंडरचा फोटो काढून ठेवा म्हणाली."

ऑगस्टमधल्या एका रविवारी पुन्हा फोन आला, आवाज घाबरलेला. "मॅडम, आज चार मिनिटं बोलली. सगळं त्यांच्या हाऊसच्या मॅचचंच. हिला तिथं काय झालं असेल का हो? आज तिनं थेंबांचं विचारलंच नाही."

मी म्हटलं, "ताई, आज घरात काहीतरी गोडाचं करा."