रोम जळत असताना रोमन सम्राट नीरो खरंच फिडल वाजवत बसला होता का? आणि त्याच्यामुळे रोमचं काय झालं?
फिडल तर नक्कीच नाही, ते वाद्य तेव्हा नव्हतंच. इ.स. 64 च्या जुलैत आग लागली तेव्हा तो रोमबाहेर अँटियम या गावी होता, रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की परत येऊन त्याने बेघर लोकांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. पण म्हणून तो भला माणूस होता असं अजिबात नाही हं, सख्ख्या आईला, अग्रिपिनाला मारून टाकलं त्याने, आणि आगीचा आळ ख्रिश्चनांवर घालून कित्येकांना जिवंत जाळलं.

माझ्या मते त्याचा सगळ्यात लांबवर गेलेला परिणाम नाण्यांवर झाला, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आगीनंतर शहर पुन्हा उभं करायचं, वर स्वतःचा भलामोठा सोनेरी महाल, खर्च अफाट. त्याच सुमारास दिनारियस हे चांदीचं नाणं हलकं केलं, एका रोमन पौंड वजनात 84 नाणी पडायची ती 96 पाडायला लागले आणि चांदीत तांबंही मिसळलं. नंतरच्या बऱ्याच सम्राटांनी हाच रस्ता धरला आणि तिसऱ्या शतकात नाण्यात चांदी नावापुरतीच उरली.

68 मध्ये त्याने आत्महत्या केली, वारस कोणीच नाही, त्यामुळे यादवी पेटली आणि 69 या एका वर्षात रोमने चार सम्राट बघितले.