चीनसारखा दरारा भारताला का जमत नाही? राजापूर तालुक्यातून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चीन डोळे वटारतो आणि हवं ते पदरात पाडून घेतो. भारत मात्र सगळ्यांशी गोड बोलतो, करारांवर करार करतो आणि तडीला काहीच नेत नाही. दिल्लीवाल्यांना कणा नाही का?

मी बरीच वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, आता राजापूर तालुक्यात हापूसची कलमं सांभाळतो. माझ्या मते तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

गोड बोलण्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. आपले परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मिठी मारल्याचा फोटो जगभर गेला. आपली बरीच नाचक्की झाली. पण त्या वेळी खेड, दापोली, चिपळूण, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांतली चूल कुवेत-सौदीच्या पगारावर पेटत होती. पुढे सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी परत आणलं गेलं. त्या मिठीची लाज मला तेव्हाही वाटली नव्हती. आजही आखातात युद्धाची बातमी आली की दिल्लीचं निवेदन गुळमुळीत असतं, कारण दोन्ही बाजूंच्या देशांत आपली माणसं कामाला आहेत आणि बरंच तेलही तिकडून येतं.

आता तडीला न नेण्याचं. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेल, जैतापूरच्या खाडीपाशी माडबन, विजयदुर्गच्या खाडीकडे नाणार. पहिलं अमेरिकेला दिलेलं वचन, दुसरं फ्रान्सला, तिसरं सौदीला. एवढ्याशा जिल्ह्यात तीन देशांना दिलेला शब्द येऊन पडलाय.

गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचा, म्हणजे दाभोळचा, एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. १९९१ नंतर बाजार उघडल्याचा पुरावा म्हणून तो अमेरिकेला दाखवला गेला, १९९५ मध्ये राज्य सरकारने रद्द केला, मग पुन्हा वाटाघाटी करून घेतला आणि वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी जूनमध्ये सोनिया गांधी वॉशिंग्टनला गेल्या असताना अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्याकडे दाभोळचा विषय काढला. गुहागर तालुक्यातलं विजेचं बिल थेट उपाध्यक्षांच्या टेबलावर!

खरी गंमत माडबनची आहे. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिका-जपानने निर्बंध लादले, फ्रान्सने लादले नाहीत. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला अणुव्यापाराची सूट दिली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला फ्रान्सने आपल्याशी अणुकरार केला. अडचणीत पाठीशी राहिलेल्या मित्राची परतफेड कशी करायची? डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा माडबनच्या, म्हणजे जैतापूर अणुप्रकल्पाचे करार झाले. एकूण सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉट. परतफेड झाली, पण ती आमच्या सड्यावर लिहून. दिल्लीच्या कागदांत सडा म्हणजे पडीक कातळ. त्याच कातळात सुरुंग लावून, माती भरून इथल्या लोकांनी कलमं उभी केलीत आणि पावसानंतर गुरं तिथेच चरतात, हे कागदावर येत नाही. खाडीपलीकडे साखरी नाटे गावातल्या मच्छीमारांना प्रकल्पातून समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याची भीती. त्यात मार्च २०११ मध्ये फुकुशिमा झालं आणि पुढच्याच महिन्यात इथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक जण गेला.

त्याच बनावटीच्या फ्रेंच अणुभट्ट्यांचं काम चीनने तैशानला २००९ मध्ये सुरू केलं आणि २०१९ पर्यंत दोन्ही चालू केल्या. माडबनला अजून एकही उभी नाही. इथे लगेच ‘लोकशाहीची किंमत’ म्हणू नका. खुद्द फ्रान्सला फ्लामाँव्हिलची अशीच अणुभट्टी २००७ मध्ये सुरू करून ग्रीडला जोडायला डिसेंबर २०२४ उजाडला. भोपाळची आठवण ठेवून आपल्या संसदेने २०१० मध्ये केलेला दायित्वाचा, म्हणजे अणुअपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची याचा कायदाही परदेशी कंपन्यांना अनेक वर्षं टोचत राहिला. सगळा दोष विरोध करणाऱ्यांच्या माथी मारणं सोयीचं आहे, खरं नाही.

नाणारची तारीख तर मी वर्गात मुद्दाम सांगायचो. एप्रिल २०१८ मध्ये सौदी अरामको या तिथल्या सरकारी तेल कंपनीशी करार, वर्षाला सहा कोटी टनांची रिफायनरी. १८ फेब्रुवारी २०१९ ला मुंबईत शिवसेना-भाजप युती जाहीर झाली आणि नाणारमध्ये भूसंपादन होणार नाही हेही त्याच वेळी सांगितलं गेलं. दुसऱ्याच दिवशी सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान दिल्लीत उतरले. पाहुणा दारात आणि यजमानाने आदल्या संध्याकाळी जेवणच रद्द केलेलं. नंतर बारसूची जागा पुढे आली, तिथे माती परीक्षणावरूनच एप्रिल २०२३ मध्ये रान पेटलं.

म्हणून माझं उत्तर कण्याचं नाही, क्रमाचं आहे. आपण मित्रदेशाला शब्द आधी देतो आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर तो फेडायचा त्यांना नंतर विचारतो. समोरच्या देशालाही हे आता समजलंय, त्यामुळे आपल्या सहीची किंमत तो थोडी कमीच धरतो. चीनकडे हा दुसरा टप्पाच जवळपास नाही.

उलट उदाहरणही कोकणातलंच आहे. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश दिल्लीत आले तेव्हा अणुकराराबरोबर आंब्याचीही बोलणी झाली. अमेरिकेचं दार जवळपास अठरा वर्षं बंद होतं. २००७ मध्ये लासलगावला विकिरण करून, म्हणजे किडीसाठी किरणांची प्रक्रिया करून, पेट्या निघाल्या, बदल्यात हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकलींना आपलं दार उघडलं. अटी जाचक आहेत, त्यांचा निरीक्षक इथे हजर लागतो. कोविडमध्ये तो येऊ शकला नाही तर दोन हंगाम निर्यातच नाही. तरी ते चाललंय, कारण बागायतदारालाही ते हवं होतं.

तुम्हाला चीनचा दरारा हवा असेल तर ग्रामसभेचा ठराव केराच्या टोपलीत टाकायची तयारी लागेल. माझा सातबारा याच तालुक्यातला आहे, त्यामुळे मला हा सौदा नको. तुमचा दुसरीकडे असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, त्यावर मी वाद घालणार नाही.