शाळेतल्या कोणत्या व्यक्तीमुळे तुम्हाला वाचनाची गोडी लागली? त्या व्यक्तीने नेमकं काय केलं?

आमच्या ग्रंथपाल बाई. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. तुम्ही ‘नेमकं काय केलं’ असं विचारलंय म्हणून थोडं सविस्तर सांगतो. एरवी ‘त्यांनी पुस्तकं दिली’ एवढ्यावर हे उत्तर संपलं असतं, आणि ते खरं असूनही अपुरं राहिलं असतं.

मी सहावीत होतो आणि मला नीट वाचता येत नव्हतं. अक्षरओळख होती, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटून जायची. वर्गात पाळीपाळीने धडा वाचायचा असला की मी पुढे किती मुलं आहेत ते मोजायचो, आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार ते हेरायचो आणि तेवढाच मनात घोकत बसायचो. बाकी धड्यात काय होतं, ते मला कधी कळलंच नाही.

ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात होता. पण त्या तासाला बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी विषयाचा राहिलेला भाग उरकला जायचा. पुस्तकं काचेच्या कपाटांत कुलूपबंद असायची. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे मला पुढे कळलं. पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं की ती संस्थेची मालमत्ता होते. पडताळणीत ते कमी भरलं तर उत्तर ग्रंथपालाला द्यावं लागतं. हरवलेल्या पुस्तकाचा जाब ज्याला विचारला जातो, तो माणूस कुलूपच लावणार.

बाई आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळी कपाटं उघडी केली. ‘हात लावा, चाळा, नको असेल तर टेबलावर ठेवा, परत कपाटात घालू नका,’ एवढंच सांगितलं. शेवटची सूचना आम्हाला विचित्र वाटली होती. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं! देवघेवीच्या बाबतीत मात्र त्या कडक होत्या. पुस्तकाच्या कार्डावर नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय काहीही दाराबाहेर जायचं नाही. त्या स्वतः घरी पुस्तक नेत, तेव्हाही स्वतःचं नाव लिहीत.

मी एक बारीकसं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचो आणि तास संपेपर्यंत एकच पान उघडं ठेवायचो. हे त्यांच्या लक्षात आलं असणार, पण बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी पक्ष्यांवरचं एक मोठं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. पानभर चित्रं, खाली दोन-तीन ओळी. म्हणाल्या, ‘चित्राखालचं तेवढंच वाच. वरचा मजकूर सोडून दे.’

सोडून दे! आजवर मला असं कुणी सांगितलं नव्हतं. दोन ओळींत माझी सुरुवात निसटत नव्हती. खंड्या पाण्यात सूर कसा मारतो, सुगरणीचं घरटं नर विणतो, कोकीळ स्वतः घरटं बांधतच नाही, हे सगळं मी चित्रांखालच्या ओळींतून वाचलं. आणि मग एका पानावर, सुगरणीच्याच असावं, मला आणखी हवं झालं म्हणून मी वरचा मजकूर वाचला. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वाचनाची सुरुवात मी त्या पानापासून धरतो.

त्या पुस्तकाच्या पाठीवर ५९८ असा आकडा होता. तो काय आहे विचारल्यावर बाई मला कपाटांच्या रांगेपुढे घेऊन गेल्या. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. सगळं ज्ञान दहा मोठ्या वर्गांत मांडायचं, प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. ५०० म्हणजे विज्ञान, त्यात ५९० प्राणी, त्यात ५९८ पक्षी. ‘ही पद्धत पाळणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयात जा, पक्षी ५९८ वरच बसलेले असतात,’ असं त्यांनी सांगितलं. मला ते फार आवडलं होतं. आजही अनोळखी ग्रंथालयात गेलो की मी आधी तिथे जातो.

पुढची दोन वर्षं त्यांनी मला त्या आकड्यांवरून चालवलं. पक्ष्यांकडून इतर प्राण्यांकडे, तिथून ५२० वर खगोलाकडे, मग थेट ९१० ची प्रवासवर्णनं, ९२० ची चरित्रं. गोष्टी-कादंबऱ्यांकडे मी सगळ्यात शेवटी आलो. बहुतेक मोठी माणसं मुलाला वाचायला लावायचं म्हणजे आधी गोष्टीचं पुस्तक देतात. माझ्या मते सगळ्या मुलांना ते लागू पडत नाही. काहींना आधी खरी माहिती हवी असते, जिथे एक ओळ निसटली तरी पुढची उभी राहते. गोष्टीत तसं चालत नाही.

पुस्तक परत देताना त्या ‘वाचून झालं का’ असं कधीच विचारत नसत. विचारत, ‘कुठं थांबलास?’ मी पान सांगायचो आणि त्या ते एका वहीत टिपून ठेवायच्या. सारांश नाही, तात्पर्य नाही. एखाद्या पुस्तकात मी बाराव्या पानावरच अडलो, तर तिथून पुढची दोन-तीन पानं त्या मला हळू आवाजात वाचून दाखवत आणि पुस्तक माझ्या हातात देत. कधी मी ते न्यायचो, कधी नाही. न नेल्याबद्दल त्यांचा चेहरा कधी पडलेला मला आठवत नाही.

एकदा माझ्या हातून एक पान उभं फाटलं. मी घरी त्याला चिकटपट्टी लावली. बाईंनी ती हलक्या हाताने सोडवली आणि समजावलं, की ही पट्टी काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि पान कायमचं खराब होतं. मग पातळ कागदाची चिंधी आणि खळ घेऊन ते पान माझ्याकडूनच जोडून घेतलं. दंड नाही केला.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचे पाच सिद्धान्त मी खूप नंतर वाचले. रंगनाथन मुळात गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांचं हे पाच सिद्धान्तांचं पुस्तक आलं. पहिला सिद्धान्त, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचताना मला ती उघडी कपाटं दिसत होती आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलेलं पक्ष्यांचं पुस्तक.

दहावीच्या आधीच्या सुट्टीत बाईंनी मला पडताळणीच्या मदतीला बोलावलं. मी एकेक पुस्तक काढून त्याचा दाखल अंक आणि नाव मोठ्याने वाचायचं, त्यांनी नोंदवहीत खूण करायची. मोठ्याने वाचायचं काम त्यांनी मलाच दिलं होतं. दुपारी ५९८ ची रांग आली. पक्ष्यांच्या पुस्तकातलं कार्ड मी सहज बाहेर काढलं. माझ्या नावाच्या बरोबर वरच्या ओळीत बाईंचं नाव होतं. मी न्यायच्या दोनच दिवस आधी त्यांनी ते परत केलं होतं. पुढे ग्रहताऱ्यांचं पुस्तक आलं, त्यावरही तसंच. मग एका सागरी सफरीचं. तिथेही माझ्या आधी त्या.

मी गप्प झालो तशी बाईंनी मान वर केली. ‘काय रे, अंक दिसत नाही का?’

‘दिसतोय बाई,’ म्हणालो. कार्ड परत पुस्तकाच्या खिशात सरकवलं आणि पुढचा अंक वाचला.