हिरवा प्रकाश आला म्हणून खचू नका

तुमचं पत्र वाचलं. मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायर, म्हणजे अतिसूक्ष्म तारा, वाढवते. ‘जांभळा यायला हवा होता, हिरवाच येतोय’ म्हणून मध्यंतरी रडकुंडीला आली, तरी पीएच.डी. याच विषयात करायची म्हणते. मलमात घालतात त्या पांढऱ्या पुडीवर पाच वर्षं घालवून नोकरी मिळेल का, असं तुम्ही विचारता.

आधी त्या हिरव्या प्रकाशाचं बोलतो. झिंक ऑक्साइडवर योग्य अतिनील प्रकाश टाकला की ३८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळ्याच्या कडेला, उत्सर्जन मिळतं. त्यातली इलेक्ट्रॉन आणि होलची (इलेक्ट्रॉननं सोडलेल्या रिकाम्या जागेची) जोडी ६० मिलीइलेक्ट्रॉन व्होल्टनं बांधलेली असते. खोलीच्या तापमानाची ऊर्जा साधारण २६, म्हणून ती जोडी सहज तुटत नाही. याच गुणावर २००१ मध्ये बर्कलीत पेइडाँग यांग यांच्या गटानं या तारांमधून लेसर मिळवला, तोही खोलीच्या तापमानाला. हिरवा प्रकाश मात्र स्फटिकातल्या दोषांमुळे येतो. ऑक्सिजनची रिकामी जागा, झिंकची रिकामी जागा, तांब्याचा अंश की तारेचा पृष्ठभाग, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. मुलीची चूकच झाली असेल असं नाही. तिच्या हाती खरा प्रश्न आलाय, आणि मला त्याचा आनंद वाटतो.

तारा वाढवणं त्या मानानं सोपं. झिंक नायट्रेट आणि हेक्सामीनचं पाण्यातलं द्रावण, त्यात बीजथर दिलेली काच, ९० अंशांवर काही तास. हे थोड्या दिवसांत हातात बसतं. त्या तारांचा प्रकाश वाचायला वर्षं लागतात, आणि पीएच.डी. करायची ती त्यासाठी.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायरसाठी म्हणून कोणी जाहिरात काढणार नाही. टिकाऊ पी-टाइप (धन भार वाहणारा) थर जमत नसल्यानं हे द्रव्य दिव्यांत मागे पडलं, बाजारातला निळा-पांढरा एलईडी गॅलियम नायट्राइडचा आहे. मागणी असते ती व्हॅक्यूम, ऑप्टिक्स, स्पेक्ट्रोस्कोपी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप स्वतः हाताळणाऱ्या माणसाला.

म्हणून गाइड निवडताना तिनं एवढं विचारावं: फोटोल्युमिनेसन्सचं, म्हणजे प्रकाश टाकल्यावर सॅम्पलमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचं, मोजमाप विद्यार्थी स्वतः करतात का? सॅम्पल थंड करून मोजायची सोय आहे का? सॅम्पल कुरिअरनं पाठवून आलेख ईमेलवर मागवणारे विद्यार्थी मी पाहिलेत. आलेखातलं हे शिखर खरं की यंत्राचं, असं मुलाखतीत विचारलं की ते गप्प होतात. ती मुलं हुशार होती, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पैशाचं म्हणाल तर नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप मिळवूनच सुरुवात करू द्या. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. फेलोशिपशिवाय उडी घ्यायचा सल्ला मी देणार नाही.

आणि एक काम आत्ताचं. तीच काच तिला ऑक्सिजनमध्ये तापवून पुन्हा मोजायला सांगा. हिरवा भाग घटला की वाढला, आणि तिच्या मते का, हे तिच्याच शब्दांत मला लिहून पाठवू दे.