पेटीवाल्या मावशींना विचारा : जुनी पदं म्हणताना गळा का दाटतो?

मागच्या अंकात उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) चर्चमधल्या उपासनेतल्या गाण्यांवर मी ओझरतं काहीतरी लिहिलं होतं. त्यावर पत्रांचा ढीग आला. तेव्हा राग ओळखण्याचे आणि पेटीच्या भात्याचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते, या वेळी फक्त उपासनेतली गाणी.

प्रश्न : मावशी, सलाम. मी मूळचा नगरचा, आता पुण्यात नोकरी करतो. खरं सांगायचं तर देवावरचा विश्वास कॉलेजात असतानाच सुटला. तरी गावी गेलो की आईसाठी उपासनेला बसतो. ‘उपासना संगीत’ या आमच्या मराठी चर्चच्या गीतपुस्तकातलं जुनं पद सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत माझा गळा दाटून येतो. प्रवचन ऐकताना असं काही होत नाही. हा ढोंगीपणा म्हणायचा का? — एक वाचक, पुणे

उत्तर : सलाम. ढोंगी माणूस रडताना कोण कोण बघतंय याचा अंदाज घेत असतो. तुम्ही पुस्तकात तोंड खुपसून बसत असणार, पैज लावते.

प्रवचन तुम्ही ऐकता, त्यामुळे ते पटतं किंवा पटत नाही. पद तुम्ही स्वतः म्हणता, आणि म्हणताना शंभर माणसांबरोबर एकाच वेळी श्वास घेता. २०१३ साली स्वीडनमधल्या योटेबोरी इथल्या संशोधकांनी अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके तपासले. प्रत्येकानं आपापल्या श्वासानं नुसतं गुणगुणलं, तेव्हा ठोके ज्याचे त्याचे. चर्चमधलं एक जुनं स्तोत्र एकत्र म्हणायला घेतलं, तर ठोक्यांचं वाढणं-उतरणं एकमेकांशी जुळायला लागलं, कारण ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेत होते. जुन्या पदांच्या ओळी एका श्वासात मावतील एवढ्याच असतात, चाल संथ असते आणि बहुतेक वेळा सुरामागून शेजारचा सूर येतो. न शिकलेल्या गळ्यासाठीच ती बांधलेली आहेत.

पण एवढ्यानं भागत नाही. संथ चालीची सिनेमातली गाणीही आहेत, ती म्हणताना तुमचा गळा दाटत नसेल. राहिलेलं कारण शोधायला कबरस्तानात जावं लागेल. आमच्याकडं मातीला जाताना पेटी नेत नाहीत. शास्त्रवाचन संपतं, क्षणभर कुणालाच काही सुचत नाही, आणि मग बायकांमधून एखादी पद उचलते. पट्टी हमखास चुकलेली, जरा जास्तच वरची. पहिली ओळ तिची एकटीची. दुसऱ्या ओळीला शेजारच्या दोघी तिला धरतात, पुरुष खालच्या सप्तकात शिरतात, आणि ध्रुवपदापर्यंत सगळं गाणं अर्ध्या सुरानं खाली घसरून सगळ्यांना झेपेल अशा जागी बसलेलं असतं. फावडं चालूच असतं. तेच पद तुम्ही पुढं कुठल्याही रविवारी म्हणा, ती माती त्यात असणारच. त्याच पदावर कुणाचा बाप्तिस्मा झालेला असतो, कुणाचं लग्न लागलेलं असतं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, एक आजी होत्या. शेवटी शेवटी पोटच्या मुलालाही ओळखत नव्हत्या. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) वेळ वाचवायला ‘कडवी एक, दोन आणि चार’ असं सांगायचे, आणि दुसरं कडवं संपलं की आजी ठणठणीत आवाजात तिसरं सुरू करायच्या. मी पेटी धरून थांबायची, मंडळी थांबायची, आणि मग सगळे मिळून चौथ्याला लागायचो.

विश्वास सुटला असेल तुमचा. ती ओळ म्हणताना लहानपणी तुमच्या शेजारी जी माणसं उभी असायची ती काही सुटलेली नाहीत. गळा दाटला तर खालच्या सुरात म्हणा, पण म्हणत राहा. आई बाजूला उभी असते, तिला कळतं.

प्रश्न : मी वारकरी घरातली. मैत्रिणीच्या आजीच्या प्रार्थनासभेला गेले होते. तिथं म्हटलेलं गाणं मला आधीपासून पाठ असल्यासारखं वाटलं. शब्द येशूचे आणि वळण आमच्या भजनाचं. हे अलीकडं कुणी जुळवलं की मुळातच तसं आहे? ऐकताना अंगावर काटा आला म्हणून विचारते. — एक वाचक, सातारा

उत्तर : मुळातच तसं. निदान सव्वाशे वर्षांपासून तरी.

अमेरिकन मराठी मिशनची धर्मप्रचारक माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ मध्ये नगरला गेली. त्यांनी आपल्याबरोबर आपली स्तोत्रं आणि आपल्या चाली आणल्या. इंग्रजी ओळ आघातावर चालते, मराठी ओळ ऱ्हस्व-दीर्घावर. परक्या चालीत मराठी शब्द कोंबले की चाल नेमकी ऱ्हस्व अक्षरावर लांबते आणि ‘कृपा’चं ‘कृऽऽपा’ होतं. भक्ती कितीही खरी असली तरी अशा ठिकाणी जीभ अडखळते. त्यावर पहिल्यांदा देशी चालींचा उतारा काढणाऱ्यांत कृष्णराव सांगळे होते. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढं नगर हे त्यांचं घर झालं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, असं ते म्हणत. येशूला ते माउली म्हणतात ते काही सजावट म्हणून नाही, देवाशी बोलायची त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. पदं, अभंग, कीर्तनं, सगळं त्यांनी लिहिलं, केलं. आज मराठी चर्चमध्ये जे म्हटलं जातं त्यातला फार मोठा वाटा त्यांचा आहे. त्या घरातली माणसं कशी होती हे ठाऊक नसेल तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. वाचलं असेल तर पुन्हा वाचा.

तुम्हाला पाठ असल्यासारखं वाटलं, त्याचं गमक बोटांवर मोजता येईल. मोठ्या अभंगाचे चार चरण : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. शेवटचा चरण आखूड, तिथं टाळ एकदा घुमायला जागा मिळते. ते थांबणं तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. गाणारे कुठं थांबणार हे तुम्हाला आधीच कळत होतं, आणि ते तिथंच थांबले. काटा आला नसता तरच नवल.

प्रश्न : आमच्या मंडळीत तरुणांनी ड्रम, गिटार, प्रोजेक्टर आणलाय. वडीलधारे म्हणतात जुनी पदंच हवीत. पाळकसाहेबांनी तोडगा काढलाय : एक रविवार यांचा, एक रविवार त्यांचा. तुम्ही कुणाच्या बाजूनं? — एक वाचक, जालना

उत्तर : मी पेटीवाली, मला तटस्थ समजू नका. तरी आधी एक काम करा. पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर बसा आणि पुढच्यांचे गाल बघा. गाल हलतायत म्हणजे मंडळी गातेय. गाल थांबलेत म्हणजे कार्यक्रम चाललाय, मग समोर ड्रम असो नाहीतर मी.

नव्या गाण्यांचं दुखणं नवेपणाचं नाही. त्यातली पुष्कळशी एका गायकासाठी, माईकसाठी रचलेली असतात. ओळ समेच्या आधी-मागं कुठंतरी उचलायची, मध्ये लांब मोकळी जागा, वरचा सूर त्या एकाच पोराला लागणारा. पन्नाशीच्या बाईनं ते धरायचं कसं? ती दोन ओळी प्रयत्न करते आणि मग टाळ्या वाजवत उभी राहते. बरं, जुनी सगळी पदं सोन्याची आहेत असंही नाही. काही निव्वळ पद्यातलं प्रवचन आहेत, आणि काही चांगली पदं आम्ही पेटीवाल्यांनी रेंगाळून रेंगाळून मारली आहेत.

वडीलधाऱ्यांना एवढं मात्र सांगा. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या लोकांनी १५२४ मध्ये जर्मन भाषेतली पहिली गीतपुस्तकं छापली, तेव्हा ते नवं खूळच होतं. इंग्रज स्तोत्रकार आयझॅक वॉट्सनं १७०७ साली आपली स्तोत्रं प्रसिद्ध केली, तेव्हा इंग्लंडातल्या कित्येकांना बायबलमधल्या स्तोत्रांखेरीज माणसानं रचलेलं काही उपासनेत म्हणणं हाच आगाऊपणा वाटे. आज त्याच वॉट्सला आपण जुनं, पवित्र वगैरे म्हणतो.

एक रविवार यांचा, एक त्यांचा, हा तोडगा मला मुळीच पटत नाही. त्यानं एका मंडळीच्या दोन मंडळ्या होतील आणि दोघी आपापल्या रविवारीच येतील. ड्रमवाल्या पोराच्या हातात ढोलकी द्या आणि त्याला पदांना बसवा. पोरं हुशार असतात, ठेका लगेच उचलतात. आणि नवं गाणं आणायचं तर आधी वाद्यांशिवाय शिकवायचं. वाद्यं नसताना मंडळीला ते म्हणता आलं तर ते गाणं मंडळीचं, मग ते काल लिहिलेलं असलं तरी चालेल.

प्रश्न : माझी आजी वसईची. तिला लॅटिन गाणी पाठ आहेत, अर्थ एकाचाही माहीत नाही, तरी म्हणताना तिचे डोळे भरतात. अर्थ न कळता हे कसं? — एक वाचक, वसई

उत्तर : शब्दार्थ माहीत नसेल, प्रसंग माहीत आहे ना. ‘तान्तुम एर्गो’ हे तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचं स्तोत्र सुरू झालं की धूप, घंटी, गुडघे टेकलेलं सगळं गाव, हे तिनं लहानपणापासून बघितलंय. तेवढा अर्थ तिला पुरला. डिसेंबर १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि वसईची देवळं, म्हणजे चर्च, मराठीत गायला लागली. ते झालं ते उत्तमच झालं, मला उलटं जायची हौस नाही. पण आजीचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. याच आठवड्यात.

प्रश्न : मी फौजेतून निवृत्त झालो. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीट या फौजी बँडच्या सोहळ्यात एक संथ इंग्रजी धून वाजायची, वरून घंटांचं उत्तर यायचं. इंग्रजी शब्द मला कधी कळले नाहीत. पण आजही आठवली की आत काहीतरी हलतं. ती कुणाची? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘अबाइड विथ मी’. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट या इंग्लंडमधल्या ब्रिक्सहॅमच्या पाळकाचे. १८४७ साली क्षयानं तो गेला. संध्याकाळ झाली, अंधार दाटतोय, तू माझ्याजवळ राहा, एवढंच मागणं. चाल मात्र विल्यम मंक यांची, १८६१ सालची. गांधीजींचं हे आवडतं गीत. २०२२ पासून ते त्या सोहळ्यात वाजत नाही.

घरी पेटी किंवा नातवाचा कीबोर्ड असेल तर वाजवून बघा : ग ग रे सा प, ध प प म ग. अख्खी चाल सा ते ध एवढ्यातच फिरते, वरच्या सा पर्यंतसुद्धा जात नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटी रे ग म प असं चढताना मध्यम तेवढा तीव्र लागतो. माझ्या मते सगळी जादू त्या एका सुरात आहे. आतापर्यंत सगळं ओळखीचं चाललेलं असतं, तिथं क्षणभर दार उघडल्यासारखं होतं, आणि तिसऱ्या ओळीला चाल पुन्हा पहिल्या गंधारावर येऊन बसते.

प्रश्न : मावशी, आमची मंडळी चाळीसएक माणसांची. पेटी वाजवणारे काका गेले, म्हणून ती माझ्यावर आली. मी नीट वाजवते, पण लोक गातच नाहीत, पुटपुटतात. माझं काय चुकतंय? — एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : बाळा, तू तुझ्या गळ्याच्या पट्टीत वाजवत असशील. काळी चार, काळी पाच (सप्तकातली चौथी, पाचवी काळी पट्टी) तुला एकटीला छान. वरच्या ओळीला मात्र पुरुषही अडकतात आणि निम्म्या बायकाही. म्हणून पट्टी ठरवताना ‘सा’कडं बघू नकोस, पदातला सगळ्यात वरचा सूर शोध आणि तो तार सप्तकातल्या पांढरी दोनच्या वर जाऊ देऊ नकोस. चाल धैवतापर्यंतच असेल तर पांढरी चारचा सा घे. तार गंधारापर्यंत चढत असेल तर काळी पाचच, पण खालच्या सप्तकातली. खाली जरा घुमल्यासारखं वाटेल, वाटू दे.

सुरुवातीला पहिली ओळ पूर्ण वाजव, नुसता सूर देऊन मोकळी होऊ नकोस. मग एक श्वास थांब. स्वतः घे तो श्वास, खांदे हलू देत, समोरच्यांना दिसला पाहिजे. दोन कडव्यांच्या मध्ये हरकती भरायच्या नाहीत. तिथं लोक दम घेत असतात. आणि वाजवताना तूही म्हण, पुटपुटू नकोस.

महिनाभरानं, लोक धरायला लागले की, सगळ्यांना पाठ असलेल्या एखाद्या पदाच्या शेवटच्या कडव्याला भाता सोडून दे आणि हात मांडीवर ठेव. गाणं पडायला लागलं तर षड्ज हळूच धर, नाहीतर काहीच करू नकोस. पाळकसाहेबांना मात्र आधी सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटायचं पेटी बिघडली.