लेकराची शुगर, पोटॅशियमची वाट आणि एक जुनी गोळी

प्रश्न : ताई, मी जिंतूर तालुक्यातून लिहायलोय. बहीण बाळंतपणाला आमच्याकडं आली होती, लेकरू आता चार महिन्याचं आहे. मधी सारखं दूध मागायचं, लंगोट सारखे ओले, तरी वजन उतरत चाललेलं, एक दिवस धापा टाकायला लागलं म्हणून परभणीला नेलं तर शुगर ५०० च्या वर. टाईप वन म्हणले. तवापासून इन्सुलिन चालूय, एवढ्याशा मांडीत सुई टोचताना बहीण रडती. सासरचे म्हणायलेत डोहाळ्यात गोड खाल्लं म्हणून झालं. मित्रानं मोबाईलवर दाखवलं की ऑक्सफर्डच्या कुणा बाईच्या संशोधनामुळं अशा लेकरांच्या सुया बंद झाल्यात. खरंय का?

उत्तर : भाऊ, आधी बहिणीचं बोलते. आईनं गोड खाल्लं म्हणून लेकराला असा डायबेटिस होत नाही. सासरी कुणी परत म्हणलं तर हे उत्तर वाचून दाखवा, तिला ह्या दिवसात बोल लावणं बंद झालंच पाहिजे.

संशोधनाचं म्हणाल तर हो, खरंय. त्या बाई म्हणजे फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी असतात, त्यांच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जायच्या बारीक वाटा असतात, त्यालाच आयन चॅनल म्हणतात. साखर पेशीत गेली की ही वाट बंद होते हे अ‍ॅशक्रॉफ्टनी १९८४ मध्ये दाखवलं. साखरेपासून पेशीत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं, ते वाट बंद करतं, मग आवरणावरचा विजेचा दाब बदलतो, त्यानं कॅल्शियमची दुसरी वाट उघडते, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन भरून ठेवलेल्या पिशव्या रक्तात रिकाम्या होतात. आपण दोन घास खाल्ले की हे सगळं आपोआप चालू होतं.

पुढं २००४ मध्ये इंग्लंडातल्या एक्सेटरचे डॉक्टर अँड्र्यू हॅटर्सली, अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सोबतच्यांनी जन्मल्यावर काही महिन्यातच शुगर निघालेल्या काही लेकरांमध्ये केसीएनजे-११ ह्या जीनमधला (जनुकातला) दोष शोधला. ह्या जीनवरूनच त्या पोटॅशियमच्या वाटेचा मुख्य भाग बनतो. दोष असला की वाट एटीपीला जुमानतच नाही, उघडी ती उघडीच. म्हणजे बघा, टाईप वनमध्ये बीटा पेशी मरतात, इथं पेशी जिवंत, इन्सुलिनही तयार, फक्त बाहेर सोडायचा इशाराच मिळत नाही! आणि ही वाट बंद करणारी गोळी आपल्या मेडिकलवर आधीपासून होती, ग्लिबेनक्लॅमाईड, मोठ्या माणसांना शुगरसाठी देतात तीच. ती एटीपीशिवाय वाट बंद करते. २००६ मध्ये असा जीन दोष असलेल्या ४९ जणांना सल्फोनिलयुरिया गटातल्या ह्या गोळ्या देऊन बघितलं, त्यातल्या ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं. एवढं वाचूनच माझ्या अंगावर काटा येतो.

तुमचं लेकरू त्यातलंच आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही. पण सहा महिन्यांच्या आत शुगर निघाली तर ते टाईप वन असणं फारच क्वचित, त्यामुळं जीन टेस्ट झालीच पाहिजे. डॉक्टरांना सरळ विचारा, 'नवजात मधुमेहाची जीन टेस्ट करायची का, सॅम्पल कुठं पाठवायचं?' चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ह्यावर बरीच वर्षं काम चालतं, त्यांचं नाव सांगा. लेकराचं थोडं रक्त लागतं, आईबापाचंही बहुतेक मागतील. बहिणीचं लग्न नात्यात झालं असेल तर तेही लपवू नका, आपल्याकडं मामाची पोर करतातच, आणि तसं असेल तर दुसऱ्या काही जीन्सही तपासाव्या लागतात. केसीएनजे-११ चा दोष तर बऱ्याचदा आईबाप दोघांतही नसतो, लेकरातच नव्यानं आलेला असतो.

रिपोर्ट येईपर्यंत इन्सुलिनचा एकही डोस चुकवायचा नाही आणि मेडिकलवरून गोळी आणून फोडून दुधात द्यायचा विचार तर मनातही आणू नका, लेकराच्या जिवावर बेतेल. हा बदल दवाखान्यात ठेवून, सारखी शुगर तपासत, इन्सुलिन हळूहळू कमी करतच होतो.

प्रश्न : वडील शुगरची ग्लिमेपिराईड गोळी घेतात. एकादशीला सकाळी गोळी घेतली, दिवसभर काही खाल्लं नाही, दुपारी सोयाबीनच्या रानात घाम फुटून हात थरथरायला लागले. गोळी बदलावी का? (औसा)

उत्तर : वरचं उत्तर वाचा, कारण इथंही तीच पोटॅशियमची वाट. ग्लिमेपिराईड पण ती बंद करते आणि पोटात अन्न आहे का नाही ते बघत नाही, त्यामुळं उपाशीपोटी पण इन्सुलिन सुटत राहतं आणि शुगर खाली जाते. गोळी तुम्ही बदलू नका, पण उपवासाच्या दिवशी डोस किती, घ्यायचा का नाही, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. किडनी कमजोर असेल तर गोळीचा असर लांबतो, तेही विचारा. रानात जाताना त्यांच्या खिशात साखरेची पुडी असू द्या. असं परत झालं तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा, उपवास मोडला तरी चालेल, पंधरा मिनिटांनी शुगर तपासा, बरं वाटलं की जेवायला घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.