आइस हॉकीतला ‘एन्फोर्सर’ नक्की काय करतो? त्याला फक्त मारामारीचा पगार मिळतो का?

एन्फोर्सर म्हणजे आपल्या संघातल्या खेळाडूंच्या रक्षणासाठी मारामारी करणारा खेळाडू. त्याच्याबद्दल तीन प्रश्न आहेत: पगार नुसत्या मारामारीचा असतो का, रेफरी मध्ये का पडत नाहीत, आणि हे काम अजून शिल्लक आहे का. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये मारामारी केल्यावर ४६ व्या नियमाप्रमाणे ५ मिनिटांची मेजर पेनल्टी बसते, सामन्यातून हकालपट्टी होत नाही. दोघंही भांडले असतील तर दोघंही तेवढा वेळ पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे बर्फाबाहेरच्या बाकावर जातात आणि बर्फावर दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू तसेच राहतात. संघाचं काहीच बिघडत नाही. जो माणूस तसाही सामन्यात पाच-सहा मिनिटंच खेळतो, तो पाच मिनिटं आत बसला तर प्रशिक्षकाला काय फरक पडणार? हे काम या हिशेबावर उभं राहिलं. ऑलिंपिकमध्ये किंवा अमेरिकी कॉलेज हॉकीत हाच प्रकार केला तर खेळाडू सामन्याबाहेर जातो, म्हणून तिथे एन्फोर्सर तयारच होत नाही.

काम काय, तर आपल्या गोल करणाऱ्या खेळाडूला कुणी कोपर मारलं, गुडघ्यावर धडक दिली, तर त्याची किंमत मोजावी लागेल हे समोरच्या संघाला माहीत असणं. एडमंटनच्या संघात वेन ग्रेट्झकी या त्या काळच्या सर्वात मोठ्या खेळाडूच्या आसपास डेव्ह सेमेन्को आणि नंतर मार्टी मॅक्सॉर्ली असायचे. १९८८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला विकलं, तेव्हा त्याच सौद्यात मॅक्सॉर्लीही गेला. त्याआधी १९७४ आणि १९७५ ला फिलाडेल्फिया फ्लायर्सनी धाकदपटशाच्या खेळावर लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या एका हंगामात ४७२ पेनल्टी मिनिटं जमवली. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि आताच्या खेळात मोडेल असं मला वाटत नाही. कारकिर्दीतला एकूण विक्रम टायगर विल्यम्सचा, ३,९७१ मिनिटं.

आता करिअर. बहुतेकांची सुरुवात कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये, सोळाव्या-सतराव्या वर्षी होते. उंच, रुंद पण स्केटिंगला जड अशा मुलाला कुणीतरी सांगतं की गोल करून तू वर पोचणार नाहीस, दुसरा रस्ता आहे. डेरेक बूगार्डचा प्रवास याचा सरळ नमुना आहे. सस्कॅचेवानचा मुलगा, ६ फूट ७ इंच, २६० पौंडांच्या वर वजन. २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत, सातव्या फेरीत २०२ वा. पुढे लुइझियानातला खालच्या पायरीचा संघ, मग ह्यूस्टनमध्ये एएचएल, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालची लीग, आणि २००५ ला मिनेसोटा वाइल्ड. एनएचएलच्या २७७ सामन्यांत त्याचे गोल ३. तरीही २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याच्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला. म्हणजे हो, पगार मिळायचा, आणि चांगला मिळायचा. पण तिथवर पोचणारे मोजकेच. बाकीचे वर्षानुवर्षं एएचएलच्या बसमध्ये असत आणि दर शरदातल्या सराव शिबिरात नजरेत भरण्यासाठी आपल्याहून नामांकित माणसाला आव्हान देत.

प्रत्यक्ष भांडणात ताकदीपेक्षा पकड महत्त्वाची. बर्फावर पाय रोवता येत नाहीत, त्यामुळे बॉक्सरसारखा कमरेतून ठोसा निघत नाही. डाव्या हाताने समोरच्याच्या जर्सीला उजव्या खांद्याजवळ किंवा कोपरावर धरायचं, म्हणजे त्याचा मारायचा हात अडकतो. मग त्याला स्वतःकडे ओढत उजव्याने मारायचं, ओढण्यातूनच जोर येतो. कुस्तीत मनगटासाठी जशी झटापट होते तशी इथली पहिली काही सेकंदं पकडीसाठी जातात, आणि ज्याची पकड चुकली तो बहुधा तिथेच हरतो. डावखुरा माणूस सगळ्यांना नकोसा, कारण नेहमीची पकड त्याच्यापुढे उलटी पडते. म्हणून व्हिडिओवर आधी अभ्यास होतो: हा कुठल्या हाताचा, हात बदलतो का, दमतो कधी.

जर्सीच्या आत मागच्या बाजूला एक पट्टा असतो, तो पँटला अडकवायचा. पूर्वी जर्सी मुद्दाम सैल ठेवत, म्हणजे ती डोक्यावरून निघायची, समोरच्याच्या हातात नुसतं कापड राहायचं आणि आपले हात मोकळे व्हायचे. म्हणून हा पट्टा सक्तीचा झाला. तो न लावता जर्सी निघाली तर त्या सामन्यातून बाहेर. हातांना टेप गुंडाळून कुणाला जखम केली तर शिक्षा आणखी कडक. आणि दोघांपैकी एक जण पडला किंवा दोघं एकमेकांत अडकून थांबले की लाइन्समन (सहायक पंच) लगेच आत शिरतात. त्याआधी शिरले तर एकाचे हात धरले जाऊन दुसऱ्याचा फुकटचा ठोसा बसू शकतो, म्हणून ते थांबलेले दिसतात.

अलिखित नियमही बरेच आहेत. आधी विचारायचं. पडलेल्याला मारायचं नाही. लांब शिफ्ट, म्हणजे बर्फावरची सलग पाळी, संपवून दमलेल्याला गाठायचं नाही. न भांडणाऱ्यावर तुटून पडायचं नाही. पण हे नियम नेहमी पाळले जातातच असं नाही. २००० च्या फेब्रुवारीत मॅक्सॉर्लीने समोरच्या संघातल्या डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर मागून स्टिक मारली आणि प्रकरण व्हँकुव्हरच्या फौजदारी कोर्टात गेलं. तो दोषी ठरला आणि एनएचएलमध्ये पुन्हा कधी खेळला नाही.

दुखापतींत लोकांना नाक आणि दात दिसतात. खरी झीज हातांची. ठोसे हेल्मेटवर आणि चेहऱ्यावरच्या पारदर्शक काचेवर बसतात, बोटांची हाडं मोडतात, नीट जुळायच्या आत पुन्हा मोडतात. समोरच्याच्या दातांनी सांध्यावर झालेली जखम चिघळते. पाठ आणि खांदा ओढाताणीत जातो. मग वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. ऑक्टोबर २००६ मध्ये बूगार्डच्या एका ठोशाने टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड इतकं चुरलं की तिथे टायटॅनियमच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी फेडोरुक त्याच संघात बूगार्डचा सहकारी होता! बूगार्ड स्वतः डिसेंबर २०१० च्या भांडणात मेंदूला मार बसून बाहेर गेला तो परतलाच नाही. १३ मे २०११ ला, २८ व्या वर्षी, ऑक्सिकोडोन आणि दारू एकत्र घेतल्याने त्याचा मृत्यू झाला. तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई सापडला, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा ऱ्हास. २०१० मध्ये हृदय बंद पडून गेलेल्या बॉब प्रोबर्टच्या मेंदूतही तोच होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एन्फोर्सरांची तुलना त्यांच्यासारख्याच इतर खेळाडूंशी केली होती. मृत्यूंच्या संख्येत फार फरक नव्हता, पण एन्फोर्सर सरासरी दहा वर्षं आधी गेले होते.

एक गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती म्हणजे वाट पाहणं. भांडण जेमतेम मिनिटभराचं. पण अमुक संघाविरुद्ध अमुक माणूस समोर येणार हे वेळापत्रकात महिनाभर आधी दिसत असतं. आदल्या रात्री झोप न लागणं ही या पेशातल्या लोकांनी निवृत्तीनंतर वारंवार सांगितलेली गोष्ट आहे, आणि माझ्या मते गोळ्या-दारूचं निम्मं उत्तर तिथे आहे.

हे काम कमी का झालं? नियमांनी थोडं. १९९२-९३ पासून भांडण उकरून काढणाऱ्याला वेगळी शिक्षा आली. आता ती २ मिनिटं, अधिक भांडणाची ५, अधिक गैरवर्तनाची (मिसकंडक्ट) १० मिनिटं अशी असते, आणि त्यातल्या २ मिनिटांत संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. २०१३-१४ पासून नव्या खेळाडूंना चेहऱ्यावर काच सक्तीची झाली, आणि भांडणाआधी आपलं हेल्मेट काढलं तर २ मिनिटं. पण मोठा घाव संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेने आणि वेगाने घातला. सामन्यासाठी संघ १२ आघाडीचे, ६ बचावाचे आणि २ गोलरक्षक एवढेच घेतो. २००५ ला संघमालकांची टाळेबंदी संपल्यानंतर अडवाअडवीवर शिट्ट्या वाजू लागल्या, खेळ वेगवान झाला, आणि पाच मिनिटं खेळणाऱ्यासाठी बारातली एक जागा अडवणं महाग पडू लागलं. ऐंशीच्या दशकात सरासरी सामन्यागणिक एक भांडण व्हायचं, आता चार-पाच सामन्यांत एक. शिवाय मुळाशीच पाणी तोडलं जातंय: क्युबेकच्या ज्युनियर लीगने २०२३ मध्ये मारामारीवर थेट हकालपट्टी लावली.

नंतरचं आयुष्य सगळ्यांचं सारखं नसतं. जॉर्ज पॅरोस प्रिन्स्टनचा पदवीधर, आज एनएचएलच्या खेळाडू-सुरक्षा विभागाचा प्रमुख, म्हणजे धोकादायक धडकांची शिक्षा तोच ठरवतो. जॉन स्कॉट मेकॅनिकल इंजिनिअर. चाहत्यांनी गंमत म्हणून मतं दिल्याने तो २०१६ च्या ऑल-स्टार सामन्यात पोचला, दोन गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोघंही कॉलेज हॉकीतून आलेले, म्हणजे अपवाद.

आज या वाटेने जायचं तर मॅट रेम्पेकडे बघा. २०२४ मध्ये रेंजर्सकडून आला तो भांडणांमुळेच गाजला. मग कोपर मारल्याबद्दल चार सामन्यांची बंदी, पुढच्या हंगामात आठ सामन्यांची. त्याची जागा टिकेल की नाही हे आता पुढच्या ठोशांवर ठरणार नाही. चौथ्या लाइनवर, म्हणजे आघाडीच्या शेवटच्या गटात, दहा मिनिटं खेळताना पक (खेळायची रबरी चकती) त्याच्या स्टिकवर टिकतो का, आणि मागे फिरताना तो गोलरक्षकापर्यंत वेळेत पोचतो का, हे प्रशिक्षक बघणार.